बीज, संकर आणि जनुक

मराठी भाषेत 'संकर' हा शब्द दोन तोंडांनी बोलतो. बियाण्याच्या पाकिटावर 'संकरित' असे ठळक अक्षरांत छापलेले असते आणि त्या एका शब्दासाठी शेतकरी चार पैसे जास्त मोजतो. धर्मशास्त्राच्या पोथीत मात्र 'वर्णसंकर' हे पापाचे नाव आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात कोणत्या संकरातून कोणती जात निपजली याची यादीच दिलेली आहे. त्या यादीत शूद्र पुरुष आणि ब्राह्मण स्त्री यांच्या संततीला चांडाळ म्हटले आहे व त्याची वस्ती गावाबाहेर ठरवून दिली आहे. नवव्या अध्यायात स्त्री हे क्षेत्र, पुरुष हे बीज आणि दोहोंत बीज श्रेष्ठ, असा निवाडा आहे. कपाशीचा संकर झाला तर पीक जोमदार आणि माणसाचा झाला तर माणूस भ्रष्ट, हा कोणता न्याय?

या पोथीची होळी महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी झाली. परंतु पोथी जळाली म्हणून तिच्यातला बीजविचार जळून गेला असे झाले नाही. तो नवे कपडे घालून परत आला आहे. शिक्षकांच्या खोलीत, कचेरीत, सोयरिकीच्या बोलण्यात तो आता विज्ञानाची भाषा बोलतो. "अमक्यांच्या जीन्समध्येच बुद्धी असते", "गणित ह्यांच्या रक्तातच नाही", अशी वाक्ये शिकलीसवरलेली माणसे सहज बोलून जातात. मी मालवणच्या किनाऱ्यावर शाळेत विज्ञान शिकविले. ही वाक्ये मी ऐकली आहेत आणि ती ऐकून मान खाली घालणारी मुलेही पाहिली आहेत. म्हणून जनुक म्हणजे काय, ते एका जीवातून दुसऱ्या जीवात कसे जाते आणि त्यावरून आपण काय शिकावे, हे आपल्या कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी मुळातून समजून घेतले पाहिजे.

मेलेल्या जीवाणूचा वारसा

१९२८ साली लंडनमध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ हा वैद्यकीय अधिकारी न्यूमोनियाच्या जीवाणूंवर काम करीत होता. त्याच्याजवळ ह्या जीवाणूंचे दोन प्रकार होते. एकाच्या अंगावर गुळगुळीत आवरण होते. तो उंदराला टोचला की उंदीर मरे. दुसऱ्याला आवरण नव्हते. तो खडबडीत दिसे आणि उंदराला काही करीत नसे. ग्रिफिथने आवरणवाले जीवाणू उष्णता देऊन मारले व उंदराला टोचले. उंदीर जगला. मग त्याने हे मेलेले जीवाणू आणि जिवंत निरुपद्रवी जीवाणू एकत्र करून टोचले. उंदीर मेला. त्याच्या रक्तात जिवंत आवरणवाले जीवाणू सापडले आणि त्यांची पुढची पिढीही आवरणवालीच निघाली.

म्हणजे मेलेल्या जीवाणूतून काहीतरी बाहेर पडले, ते जिवंत जीवाणूत शिरले आणि त्याने त्याचा गुणधर्म वंशपरंपरेने बदलून टाकला. ह्या घटनेला रूपांतरण म्हणतात. ते 'काहीतरी' म्हणजे डीएनए हे रसायन आहे, हे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अॅव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी ह्या तिघांनी १९४४ साली दाखवून दिले. १९५३ साली डीएनएची दुपेडी, पिळाची रचना उलगडली. त्या कामाला रोझलिंड फ्रँकलिन हिच्या क्ष-किरण चित्रांचा आधार होता. पुढे त्यातली लिपी वाचता आली. ह्या वाचनातील वाट्यासाठी हरगोविंद खुराना ह्यांना १९६८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

ही लिपी फक्त चार अक्षरांची आहे: ए, टी, जी, सी. तीन अक्षरांचा एक शब्द होतो. असे चौसष्ट शब्द होतात आणि त्यांतून वीस अमिनो आम्लांना हाका मारल्या जातात. अमिनो आम्लांची माळ म्हणजे प्रथिन. ज्या मजकुरातून बहुधा एखादे प्रथिन तयार होते त्या मजकुराच्या तुकड्याला जनुक म्हणावयाचे. मुख्य गोष्ट अशी की, थोडे अपवाद सोडले तर ही लिपी जीवाणूत, तिवराच्या झाडात, बांगड्यात, गायीत, डुकरात आणि माणसात एकच आहे. माणसाचा मजकूर जीवाणू वाचू शकतो आणि जीवाणूचा मजकूर झाड वाचू शकते. जनुकीय रूपांतरणाचे सारे शास्त्र ह्या एका गोष्टीवर उभे आहे.

गाय, डुक्कर आणि जीवाणू

प्रयोगशाळेत हे काम कसे करतात ते पाहू. जीवाणूच्या पेशीत मुख्य डीएनएखेरीज लहान लहान गोल कडी असतात. त्यांना प्लास्मिड म्हणतात. विशिष्ट विकरांनी हे कडे एका ठिकाणी कापता येते, हवे ते जनुक त्यात बसविता येते आणि दुसऱ्या विकराने टोके जोडता येतात. मग आतड्यात राहणारे ई. कोलाय जीवाणू कॅल्शियम क्लोराइडच्या थंड द्रावणात बर्फावर ठेवतात, त्यांत हे प्लास्मिड मिसळतात, मिनिट-दीड मिनिट ४२ अंश सेल्सिअसची ऊब देतात आणि पुन्हा बर्फावर ठेवतात. ह्या धक्क्यात फार थोड्या जीवाणूंत प्लास्मिड शिरते. प्लास्मिडवर एखाद्या प्रतिजैविकाला दाद न देण्याचे जनुक आधीच ठेवलेले असते. जीवाणू त्या प्रतिजैविकावर वाढविले की ज्यांना प्लास्मिड मिळाले तेवढेच जगतात. एका जीवाणूतून रात्रीत कोट्यवधी होतात आणि प्रत्येकात ते जनुक असते. कोहेन आणि बॉयर ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७३ साली ह्या रीतीचा पाया घातला.

त्याचा पहिला मोठा उपयोग मधुमेह्यांना झाला. १९२२ साली पहिल्या रुग्णाला इन्सुलिन टोचले गेले. तेव्हापासून पुढे साठ वर्षे हे औषध कत्तलखान्यांतून येणाऱ्या गायीच्या व डुकराच्या स्वादुपिंडातून काढीत असत. जीव वाचविण्यासाठी ते सोवळ्यातल्या माणसांनीही घेतले आणि घेतले ते योग्यच केले. इन्सुलिनच्या माळेत एक्कावन्न अमिनो आम्ले असतात. त्यांत डुकराचे इन्सुलिन माणसाच्या इन्सुलिनहून एकाच ठिकाणी वेगळे, तर गायीचे तीन ठिकाणी वेगळे. पवित्र-अपवित्राची उतरंड रेणूला ठाऊक नसते, एवढे ह्या हिशेबातून कळायला हरकत नाही. १९७८ साली मानवी इन्सुलिन ई. कोलायमध्ये तयार झाले आणि १९८२ साली अमेरिकेत त्याला औषध म्हणून परवानगी मिळाली. मुंबईच्या वोखार्ट कंपनीने २००३ साली जनुकीय तंत्राने केलेले मानवी इन्सुलिन आपल्याकडे बाजारात आणले.

उपवासाचे रताळे

झाडांच्या बाबतीत माणसाने ही युक्ती एका जीवाणूकडून उचलली. अॅग्रोबॅक्टेरियम नावाचा जीवाणू मातीत राहतो. झाडाला जखम झाली की तो तेथे जातो, आपल्या डीएनएचा एक तुकडा झाडाच्या पेशीत सोडतो आणि तो तुकडा झाडाच्या डीएनएत जाऊन बसतो. पेशी वाढत सुटतात, गाठ तयार होते आणि जीवाणूला लागणारे अन्न झाड बनवू लागते. १९७७ साली मेरी-डेल चिल्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडाच्या गाठीत जीवाणूचा डीएनए दाखवून दिला. शास्त्रज्ञांनी ह्या तुकड्यातला गाठ आणणारा भाग काढला आणि त्याजागी हवे ते जनुक ठेवले. १९८३ साली अशी पहिली झाडे तयार झाली. ज्या झाडांवर ही रीत चालत नाही त्यांच्यासाठी सोन्याच्या किंवा टंगस्टनच्या सूक्ष्म कणांवर डीएनए चढवून ते कण पेशीत मारण्याचे यंत्रही निघाले.

हे निसर्गाविरुद्ध आहे, असे म्हणणाऱ्यांनी रताळे आठवावे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात लागवडीखालील रताळ्याचे २९१ नमुने तपासले गेले. त्या सर्वांत अॅग्रोबॅक्टेरियमचा डीएनए आढळला. कुणा माणसाने तो घातला नव्हता. हजारो वर्षांपूर्वी निसर्गात झालेला हा संकर आहे. एकादशीला, महाशिवरात्रीला शुद्ध फराळ म्हणून जे रताळे ताटात येते ते परक्या जीवाचे बीज पोटात घेऊनच आलेले असते!

तिवराचे जनुक, खारीचे भात

आता हा विषय आमच्या तोंडवलीच्या काठावर आणतो. एका अंगाला अरबी समुद्र आणि दुसऱ्या अंगाला गड नदीची कालावल खाडी, अशी ही चिंचोळी भूमी. खाडीच्या चिखलात तिवर उभे असते. त्याची मुळे श्वास घेण्यासाठी चिखलातून वर आलेली असतात आणि पान जिभेला लावले तर खारट लागते. कारण झाड नको असलेले मीठ पानांवाटे बाहेर टाकते. ज्या पाण्याने भात करपते त्या पाण्यात तिवर वाढते.

चेन्नईच्या स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानात अजय परिडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिवराच्या जातीतील एका झाडाचे जनुक घेतले आणि अॅग्रोबॅक्टेरियमच्या मदतीने ते पुसा बासमती-१ ह्या भातात घातले. ह्या प्रयोगाचा अहवाल २००८ साली प्रसिद्ध झाला. एका वाडीत अभ्यासवर्गात मी हे सांगत होतो, तेव्हा मागे बसलेल्या एका वृद्ध बाईने विचारले, "तिवराचा बी भातात घातला तर भात खारट होतला काय, गुरुजी?"

प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर नाही असे आहे, आणि ते का, हे कळले की जनुक कळले. जनुक म्हणजे मीठ नव्हे आणि तिवरपणही नव्हे. ती एका प्रथिनाची कृती आहे. खाऱ्या पाण्याने पेशीत प्राणवायूचे घातक कण तयार होतात आणि तेच पेशीला जाळतात. परिडांनी घेतलेले जनुक हे कण निकामी करणारे विकर बनविते. भातात तेवढी एक कृती गेली. भात भातच राहिले, त्यातल्या त्यात खार सोसू लागले. हजारो जनुकांच्या मजकुरात एकाची भर पडली म्हणून जात बदलत नाही, आणि एका जनुकात सगळी 'जात' साठविलेलीही नसते.

हे भात अजून आमच्या शेतात आलेले नाही. भारतात परके जनुक घातलेले भाताचे एकही वाण शेतकऱ्यांसाठी खुले झालेले नाही. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने जनुक-संपादित भाताची दोन वाणे जाहीर केली. त्यांपैकी पुसा डीएसटी राईस-१ हे वाण क्षार व दुष्काळ सोसण्यासाठी आहे. त्यात बाहेरचे जनुक नाही. भाताच्याच एका जनुकात फेरफार केलेला आहे.

पण खार सोसणारे भात ही काही आजची गोष्ट नव्हे. कोकणच्या खारजमिनीत 'राता' ह्या नावाची भाते पूर्वापार पेरली जात. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने 'काळा राता' व 'भुरा राता' ही वाणे त्यांतूनच निवडून काढली. गोव्याच्या खाजण जमिनीत 'कोरगुट' आहे. दरवर्षी बांध फुटायचा, खारे पाणी शिरायचे, जे रोप तगले त्याचे बी बायका वेगळे काढून ठेवायच्या. हीच निवड शेकडो वर्षे चालू होती. जनुक हा शब्द ठाऊक नसलेल्या ह्या हातांचे नाव कोणत्याही एकस्वावर नाही.

बाबासाहेबांनी घेतलेला आधार

बीजाच्या शुद्धतेचा हा दावा बाबासाहेबांनी १९३६ सालीच खोडून काढला होता. 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये, रक्तशुद्धीसाठी जातिसंस्था निर्माण झाली असे म्हणणाऱ्यांना उत्तर देताना त्यांनी विल्यम बेटसन ह्या शास्त्रज्ञाच्या मेंडेलवरील ग्रंथाचा आधार घेतला आहे. 'जेनेटिक्स' हा शब्द १९०५ साली ज्याने घडविला तोच हा बेटसन. वरिष्ठ मानसिक गुण एखाद्याच ठरावीक रीतीने वारशाने उतरतात असे दिसत नाही, हा त्या आधाराचा आशय. भारतात शुद्ध वंश उरलेला नाही, सगळी सरमिसळ आहे, हेही त्यांनी तेथेच दाखविले. डीएनएची रचना उलगडण्याच्या सतरा वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

पुढे २०१३ साली हैदराबादच्या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्रातील आणि हार्वर्डमधील शास्त्रज्ञांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने हीच गोष्ट डीएनएवरून मांडली. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात ह्या देशातल्या जवळजवळ सर्व समूहांची आपसांत सरमिसळ झाली आणि जातीतल्या जातीत लग्नाची बंदी त्यानंतर घट्ट झाली, असा त्याचा निष्कर्ष आहे. म्हणजे संकर आधीचा आणि सोवळे नंतरचे.

मात्र येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. समतेचा हक्क आपण जनुकांच्या दाखल्यावर मागत नाही. माणसामाणसांत गुणांचे फरक असले तरी समता हेच व्यवहाराचे तत्त्व मानले पाहिजे, असे बाबासाहेबांनी त्याच ग्रंथात मांडले आहे. विज्ञान फक्त खोटा दाखला फाडून देते. खरा हक्क राज्यघटनेने व चळवळीने दिलेला आहे.

कपाशी आणि मजुराचे हात

आता नाण्याची दुसरी बाजू. महाराष्ट्रात ह्या तंत्राची खरी ओळख झाली ती कपाशीतून. मातीत राहणाऱ्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस ह्या जीवाणूचे, म्हणजे 'बीटी'चे एक प्रथिन बोंडअळीच्या आतड्याला भोके पाडते. अळीच्या आतड्यात ते विरघळते व तेथील विशिष्ट रेणूंना चिकटते. माणसाच्या आतड्यात तसे रेणू नसतात. हे जनुक अमेरिकेत कोकर ३१२ ह्या कपाशीत घातले गेले आणि त्यातून संकर करून ते भारतीय वाणांत आणले गेले. जालन्याच्या महिको कंपनीने मोन्सँटोबरोबर आणलेल्या अशा वाणांना २६ मार्च २००२ रोजी केंद्राची परवानगी मिळाली. काही वर्षांतच देशातील कपाशीखालील नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटीचे झाले. पहिल्या काही वर्षांत बोंडअळीवरची फवारणी कमी झाली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

पण बियाणे संकरित असल्यामुळे ते दरवर्षी विकत घ्यावे लागे. सुरुवातीला ४५० ग्रॅमच्या पाकिटाची किंमत सुमारे १६०० रुपये होती आणि तिचा मोठा भाग तंत्राच्या मालकीपोटी जात असे. २००६ साली आंध्र सरकार मक्तेदारी-आयोगाकडे गेल्यावर ती ७५० रुपयांवर आली. अळीही गप्प बसली नाही. बिगर-बीटीच्या आश्रय ओळी फारशा कुणी लावल्या नाहीत, पीक लांबत गेले आणि गुलाबी बोंडअळी ह्या प्रथिनाला सरावली. गुजरातमधील अशी अळी २०१० साली जाहीर झाली आणि २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात तिने बोंडेच्या बोंडे पोखरली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण रुग्णालयात गेले. पाठीवर पंप घेऊन, तोंडाला साधे फडके बांधून कपाशीत शिरणारा माणूस कोण असतो, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. जनुक निरुपद्रवी असेल. पण ते निकामी झाल्यावरचे विष कुणाच्या अंगावर पडावे, हे गावाची उतरंड ठरविते.

तीच गोष्ट तणनाशक सोसणाऱ्या कपाशीची. तिला परवानगी नसताना १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने ती जाहीरपणे पेरली. निंदणीचा खर्च वाचतो, असा शेतमालकाचा मुद्दा आहे आणि तो खोटा नाही. परंतु त्याच्या वहीत जो खर्च म्हणून लिहिलेला असतो ती भूमिहीन बाईची पावसाळ्यातली मजुरी असते. तंत्रावरच्या चर्चेत ग्राहक बोलतो, शेतकरी बोलतो, कंपनी बोलते. निंदणारीला कुणी विचारीत नाही.

मालकीचा प्रश्न

जिवंत जीवावर मालकी सांगता येते काय? आनंद मोहन चक्रवर्ती ह्या बंगाली शास्त्रज्ञाने अमेरिकेत अनेक प्लास्मिडे एकत्र करून तेल खाणारा जीवाणू तयार केला. १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी अशा जीवावर एकस्व देता येते असा निकाल दिला. तेव्हापासून जनुकाभोवती कुंपणे पडू लागली. आपल्या देशात पेटंट कायद्याच्या कलम ३(जे) नुसार वनस्पती, प्राणी व बियाणे ह्यांवर एकस्व मिळत नाही. २००१ च्या पीकवाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा व विकण्याचा हक्क दिला आहे. फक्त ते नोंदलेल्या वाणाच्या छापाखाली विकता येत नाही. हे कलम कार्यकर्त्यांनी पाठ केले पाहिजे.

कोकणाला हा प्रश्न नवा नाही. अलिबागजवळच्या चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमीन न कसण्याचा संप केला तो ह्याच खारजमिनीवर, खोतांविरुद्ध. बांध घालणारे कूळ, बी राखणारे कूळ आणि धान्य खोताच्या कोठारात! बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. खोताने जमीन अडविली होती, उद्याचा खोत बी अडवील. खार सोसणारे भात उद्या तोंडवलीच्या खाडीकाठी आले तर ते कुणाच्या नावे येईल, त्याचे बी घरी राखता येईल काय आणि ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही त्याच्या पदरात काय पडेल, हे प्रश्न आजच विचारले पाहिजेत.

तेव्हा जनुकीय तंत्राला नुसते भिऊन चालणार नाही आणि त्याची पूजा बांधूनही चालणार नाही. भीतीतून आपण पुन्हा शुद्ध बीजाच्या भाषेकडे जाऊ. पूजेतून नव्या खोताच्या ओसरीवर जाऊन बसू. आपल्या मुलामुलींनी ही चार अक्षरांची लिपी शिकावी, प्रयोगशाळेत जावे, परवानगी देणाऱ्या समित्यांत बसावे. आपल्या शिक्षकांनी ग्रिफिथचा प्रयोग शिकविताना मनुस्मृतीचा नववा अध्यायही फळ्यावर लिहावा. आणि गावात नव्या बियाण्याची सभा भरेल तेव्हा फवारणाऱ्याला व निंदणारीला पुढच्या रांगेत बसवून त्यांचे म्हणणे आधी ऐकावे.